उशिरा पिकणारे द्राक्ष

पूर्वी मराठी मध्यमवर्गीयांच्या फडताळात द्राक्षासवाची एक बाटली हमखास असे. कुणाची भूक मंदावली, कुणी आजारातून उठला आणि अंगात त्राण वाटेना, की जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव आणि तितकेच पाणी. मनुकांच्या काढ्यात गूळ आणि धायटीची फुले घालून तो आंबवला, की त्यात थोडेसे मद्य आपोआपच तयार होते. हे शास्त्र आमच्या आजीला कुणी समजावून सांगितले असते, तर तिने ते शांतपणे ऐकून घेतले असते आणि मग ठरलेले दोन चमचे घेतले असते. औषध म्हटले की सगळे सोवळ्यात बसते. पण त्याच द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाला कुणी ‘वाइन’ म्हणाले, की दिवाणखान्यातले बोलणे क्षणभर थबकते आणि कुणीतरी उठून मुलांना गच्चीवर खेळायला पाठवते. वस्तू एकाच कुळातली. नाव बदलले आणि तिची पंगत बदलली!

नावाचा हा महिमा मोठा गमतीदार आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला तर तो रोजच भेटतो. म्हणून या दिवाळीत नाव आणि चव यांच्याविषयीच लिहावे असे मनात आहे. आणि त्यासाठी मी वाचकांना दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात घेऊन जाणार आहे. तिथल्या एका गडद तांबड्या वाइनची गोष्ट सांगायची आहे. आधीच सांगून टाकतो : हा लेख कुणाला पेला हाती घ्यायला लावण्यासाठी नाही. मद्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटले आहे, आणि तांबडी वाइन हृदयाला चांगली म्हणून ती प्यावी, हा युक्तिवाद मला द्राक्षासवाच्या चमच्याचाच धाकटा भाऊ वाटतो. ज्यांना घ्यायची नाही त्यांनी नुसती गोष्ट घ्यावी. ती पूर्णपणे निर्व्यसनी आहे.

या वाइनचे आणि ती ज्या द्राक्षापासून होते त्याचे नाव एकच : कार्मेनेर. ‘कार्मिन’ म्हणजे किरमिजी. शरद ऋतूत या वेलीची पाने गर्द किरमिजी होतात, त्यावरून हे नाव पडले असावे असे म्हणतात. तिचे माहेर फ्रान्समधले बोर्दो. वाइनच्या दुनियेत बोर्दोचे नाव आपण पैठणीच्या संदर्भात येवल्याचे घेतो त्या थाटात घेतले जाते. तिथल्या मेदोक भागात एकेकाळी कार्मेनेरला चांगला मान होता. पण १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीकशा किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागांची मुळे शोषायला सुरुवात केली आणि दोन-तीन दशकांत बागांमागून बागा वाळून गेल्या. अखेर उपाय सापडला तो असा, की ज्या अमेरिकेतून कीड आली तिथल्याच रानवेलीचा खुंट घ्यायचा आणि त्यावर फ्रेंच वेलीचे कलम बांधायचे. आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागाईतदारही खुंटावर कलम भरतात. त्यांच्यापुढे संकट पाण्याच्या ओढीचे आणि खाऱ्या जमिनीचे असते, एवढाच काय तो फरक.

बागा पुन्हा उभ्या करताना बोर्दोच्या शेतकऱ्याने हिशेब केला. कार्मेनेरचा मोहोर गळतो, फळ कमी धरते, आणि धरले तरी फार उशिरा पिकते. बोर्दोचा शरद ऋतू म्हणजे पाऊस आणि गारवा. तो उशिरा पिकणाऱ्याची वाट पाहत नाही. तेव्हा मेर्लो लावले, काबर्ने लावले आणि कार्मेनेरला वगळले. हळूहळू माहेरच्या लोकांना तिचा विसर पडला. पुस्तकांत तिचे वर्णन राहिले, बागेत मात्र ती जवळजवळ दिसेनाशी झाली.

पण त्या किडीच्या आधीच, १८५१ च्या सुमारास, सिल्व्हेस्त्रे ओचागाविया नावाच्या चिलीतल्या एका धनिक बागाईतदाराने फ्रान्समधून उत्तमोत्तम वेली आणवल्या होत्या, आणि त्याचे पाहून इतरांनीही आणवल्या. चिलीच्या उत्तरेला अताकामाचे वाळवंट, पूर्वेला अँडीज पर्वताची भिंत, पश्चिमेला पॅसिफिक महासागर आणि दक्षिणेला बर्फ. या चौकटीत फायलोक्सेराला शिरकाव मिळाला नाही. त्यामुळे तिथे वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या राहू शकतात. या फ्रेंच वेलींच्या मोळ्यांमध्ये कार्मेनेरही होती. पण सामान एकत्र आले आणि चिठ्ठ्या हरवल्या. मेर्लोची पाने आणि कार्मेनेरची पाने वरवर पाहणाऱ्याला सारखीच. दोघी एकाच वाफ्यात वाढल्या, एकाच दिवशी खुडल्या गेल्या, एकाच पिंपात पडल्या, आणि बाटलीवर नाव लागले ते मेर्लोचे.

असे शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. मजा अशी, की चिलीची ‘मेर्लो’ जरा विचित्र लागते हे जगाला कळत होते. मेर्लो म्हणजे मवाळ, गोलसर, गोडव्याकडे झुकणारी चव. चिलीतली मात्र कधी रांगडी, कधी कच्च्या पाल्यासारखी हिरवट. लोक म्हणत, तिथली माती तशी, हवा तशी. कुणी ‘चिलियन मेर्लो’ असा पोटभेद करून मोकळे झाले. मुलगा कुणासारखा दिसतो हे कळेनासे झाले, की आपण नाही का ‘कुणावर गेलाय कोण जाणे’ म्हणून विषय मिटवतो, तसेच!

मग २४ नोव्हेंबर १९९४ हा दिवस उजाडला. झाँ-मिशेल बुर्सिको नावाचे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एका परिषदेसाठी चिलीला आले होते. द्राक्षवेलींची पाने, फुले आणि शेंडे पाहून त्यांची जात ओळखणे हीच त्यांची विद्या. सान्तियागोजवळच्या मायपो खोऱ्यात, कार्मेन नावाच्या एका जुन्या वाइन-कंपनीच्या बागेत ते फिरत होते. विषुववृत्ताच्या पलीकडे असल्यामुळे चिलीत नोव्हेंबर म्हणजे वसंत ऋतू. आपण दिवाळीचे आकाशकंदील उतरवत असतो, त्या सुमारास तिथे द्राक्षवेली फुलोऱ्यात असतात. ‘मेर्लो’ची पाटी असलेल्या ओळीत ते थांबले. फूल निरखून पाहिले. त्यातले पुंकेसर सरळ नव्हते, पिळवटल्यासारखे होते. ही मेर्लो नव्हे, असे त्यांनी सांगितले. ही बोर्दोची हरवलेली कार्मेनेर! पुढे प्रयोगशाळेतल्या आनुवंशिक चाचण्यांनी त्यांच्या डोळ्याला दुजोरा दिला. १९९८ साली चिलीच्या शेतीखात्याने या द्राक्षाला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता दिली. आणि नंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. मेर्लो आणि कार्मेनेर या दोघींच्या जन्मदात्यांपैकी एक समान आहे : काबर्ने फ्रां. म्हणजे शंभर वर्षे एकीच्या नावाने दुसरी नांदत होती, त्या निघाल्या सावत्र बहिणी! कथानक कुणी कादंबरीत घातले असते, तर परीक्षकांनी योगायोगाचा अतिरेक म्हणून गुण कापले असते.

हे सारे मी प्रथम ऐकले ते गेल्या उन्हाळ्यात, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून. तांब्याच्या खाणींना यंत्रे पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कामासाठी तो दोन वर्षे सान्तियागोला होता. परत आल्यावर भेटायला आला तो पिशवीतून एक बाटली घेऊनच. पेउमो या गावाकडची कार्मेनेर होती. त्या परिसरातली ही वाइन नामांकित समजली जाते, असे तो म्हणाला. आमच्या घरात बाटली म्हटले की रॉकेलची किंवा सरबताची. त्यामुळे सौभाग्यवतींनी ती प्रथम ओट्यापासून दूर, वर्तमानपत्रावर ठेवायला लावली.

त्याने मात्र यजमानपण आपल्याकडे घेतले. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ घ्यावी, हा नियम ज्यांनी केला त्यांच्या खोल्या थंड होत्या. त्याचा अर्थ सोळा ते अठरा अंश. आपल्या मे महिन्यातल्या खोलीत ठेवलेली वाइन म्हणजे नुसता मद्याचा भपकारा. मग त्याने बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते असे पेले मागितले. असले पेले आमच्याकडे कुठले? लग्नात आलेल्या आणि कधीच न वापरलेल्या सरबताच्या संचातले दोन पेले त्यातल्या त्यात त्या आकाराचे निघाले. पेला तिसरा हिस्साच भरायचा, म्हणजे वर वासाला जागा राहते.

“सर, आधी नुसती बघायची. मग हुंगायची. आणि मग अगदी थोडी तोंडात घेऊन तशीच फिरवायची. गिळायची घाई करायची नाही.”

“अरे, कविता शिकवताना मी तुम्हांला हेच तर सांगत होतो,” मी म्हणालो. “तुम्ही सगळे पहिल्याच ओळीला अर्थ गिळायला निघत होतात.”

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरला. मधला रंग जांभळाकडे झुकलेला, काठाशी किरमिजी. पेला गोल फिरवला की द्रव काचेला चिकटून सावकाश उतरतो आणि वास वर येतो. मी हुंगले. काळ्या जांभळासारखे काही, थोडा धूर, थोडे मातीचे ओलेपण, आणि आणखी एक ओळखीचे काहीतरी. पण त्याला शब्द सापडेना. तीस वर्षे शब्दांची नोकरी करणाऱ्या माणसाला ऐन वेळी शब्द सापडू नये, यासारखी पंचाईत नाही. तेवढ्यात पोळ्या आटोपून सौभाग्यवती बाहेर आल्या. त्यांनी पेला हातात घेतला नाही. नुसते वाकून लांबूनच हुंगले.

“अहो, ही तर ढोबळी मिरची! पीठ पेरून भाजी करायला चिरून ठेवते ना मी, तस्सा वास.”

विद्यार्थी हसतच सुटला. “काकू, हा वास ओळखायला लोक तिथे पैसे भरून वर्गांना जातात!”

आणि खरोखरच त्यात शास्त्र आहे. ढोबळ्या मिरचीला तिचा खास वास देणारे पायराझिन कुळातले एक द्रव्य आहे. अगदी तेच द्रव्य कार्मेनेरच्या द्राक्षात असते. उपमेचा हा प्रकार नव्हे, साक्षात एकच पदार्थ. आणि माणसाचे नाक या द्रव्यापुरते इतके तिखट आहे, की एक लिटर पाण्यात त्याचे दोन नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन अब्जांश, एवढे मिसळले तरी ते ओळखू येते. द्राक्ष कच्चे असताना हे द्रव्य भरपूर असते. ऊन मिळेल आणि पिकत जाईल तसतसे कमी होते. लवकर खुडलेल्या कार्मेनेरमध्ये म्हणूनच कच्च्या मिरचीचा उग्र दर्प येतो, आणि वेळेवर खुडलेलीत त्याची नुसती एक हिरवी कड राहते. फोडणीत कढीपत्ता असावा तितकी.

आमच्या घरातल्या त्या परीक्षेत कुणी पुस्तक उघडले नव्हते, बाटलीवरचा स्पॅनिश मजकूरही वाचला नव्हता. पंचवीस वर्षे रोज भाजी चिरणाऱ्या नाकाने निकाल दिला. याच्या उलट एक प्रसंग नोंदलेला आहे. २००१ साली बोर्दोच्या विद्यापीठातल्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या चोपन्न विद्यार्थ्यांना त्यांनी एकदा पांढरी वाइन दिली, एकदा तांबडी, आणि वासाचे वर्णन करायला सांगितले. नंतर तीच पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून दिली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनचे शब्द वापरूनच केले! डोळ्यांनी जे सांगितले ते नाकाने मुकाट्याने मान्य केले. म्हणून अशा गोष्टींत अधिकारवाणीने बोलणाऱ्यांची मला थोडी धास्ती वाटते, आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सहज बोलणाऱ्यांचा आदर वाटतो.

आता चव. पहिला घोट तोंडात फिरवला, तेव्हा आंबूस आणि जांभूळ-करवंदांसारखे लागले, मग जीभ आणि हिरड्या हलकेच ओढल्यासारख्या झाल्या. पाश्चात्त्य जाणकार याला चव म्हणत नाहीत, स्पर्श म्हणतात. आपल्या पूर्वजांनी मात्र त्याला रसांच्या पंक्तीत मानाचे पान वाढले आहे : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. कषाय म्हणजे आपला तुरट. आवळा, सुपारी, कच्चे केळे खाऊन वाढलेल्या माणसाला तांबड्या वाइनचा तुरटपणा समजावून द्यावा लागत नाही. मेर्लोपेक्षा कार्मेनेर अंगाने भरदार, तरी तिचा तुरटपणा फार बोचरा नसतो, मऊसर असतो.

या षड्रसांत नावांची एक जुनी गफलत आहे, ती सांगितल्याशिवाय माझ्यातला मास्तर स्वस्थ बसणार नाही. आयुर्वेदातला ‘कटु’ म्हणजे तिखट, आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. पण त्या ‘कटु’पासूनच आपला ‘कडू’ शब्द आला आणि तो कारल्याला जाऊन चिकटला! तिखटासाठी मग आपण ‘तीक्ष्ण’शी नाते सांगणारा दुसरा शब्द घेतला. तीच गत मिरचीची. ती मूळची अमेरिकेची; पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. त्याआधी आपले तिखट मिऱ्याचे होते. नव्या पाहुणीला आपण मिऱ्याच्या, म्हणजे ‘मरीच’च्या, नावावरूनच हाक मारली. आणि पुढे तिची जी बहीण तिखटच नव्हती, तिलाही मिरचीच म्हटले; वर ‘ढोबळी’ हे विशेषण चिकटवले. चिलीच्या शेतकऱ्याने कार्मेनेरला मेर्लो म्हटले म्हणून त्याला हसायचा आपल्याला काही अधिकार नाही.

वाइन पुष्कळदा अन्नाबरोबर घ्यायची असते, आणि कुठल्या अन्नाशी तिची सोयरिक जुळते याची पत्रिका पाहण्यात युरोप-अमेरिकेतले लोक आपल्या जोशीबुवांइतकेच रमतात. त्यातले कळीचे नियम मात्र सोपे आहेत आणि त्यांना कारणे आहेत. तुरट द्रव्ये आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, म्हणून तोंड कोरडे पडते. त्यांना पकडायला मांसातली प्रथिने आणि स्निग्धता मिळाली, की तोंड सुटते आणि वाइन मवाळ लागते. मिठानेही तिचा कडवटपणा दबतो. गोडाशी मात्र तिचे मुळीच पटत नाही. गोड घासानंतर ती नुसती आंबट आणि कडू लागते. तेव्हा दिवाळीच्या करंजी-अनारशांनी या स्थळाचा विचारही करू नये. माशांचेही तसेच. तांबड्या वाइनमध्ये लोह असते, आणि माशातल्या तेलाशी त्याचा संबंध येऊन तोंडात उग्र हिवस चव उरते, असे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले.

चिलीत हे नियम कुणी पुस्तकातून शिकलेले नाहीत. आपल्याकडे करंजी असते तशी त्यांची एम्पानादा. फक्त आत सारण असते ते गोमांसाचा खिमा, भरपूर कांदा, उकडलेले अंडे, ऑलिव्ह आणि बेदाणे यांचे. १८ सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला ती झाल्याशिवाय त्यांचा सण होत नाही. त्याच सारणावर कोवळ्या मक्याच्या वाटणाचा थर देऊन मातीच्या भांड्यात भाजतात, ते पास्तेल दे चोक्लो. कांद्याच्या आणि मक्याच्या अंगभूत गोडव्यामुळे कार्मेनेरची हिरवी कड खुलते. निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाशेजारी पेब्रे नावाची कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि मिरचीची कोशिंबीरवजा चटणी असते. आणि मापुचे या तिथल्या मूळ रहिवाशांचा मेर्केन नावाचा मसाला असतो : धुरावर वाळवलेली तांबडी मिरची आणि भाजलेले धने एकत्र कुटून. धने आणि मिरची! विद्यार्थी म्हणाला, “सर, पहिल्यांदा त्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हा मला गल्लीतली मसाल्याची गिरणी आठवली.” मेर्केन चोळून भाजलेले मांस आणि कार्मेनेर ही तिथली जमलेली जोडी समजतात, वाइनमधला धुरकट अंश त्यात आपले माणूस ओळखतो.

त्या संध्याकाळी आमच्या घरी मांस नव्हते. वांग्याचे भरीत आणि भाकरी होती. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा धूर, शेंगदाण्याच्या कुटाची स्निग्धता आणि मीठ. वाइनने त्यांच्याशी दोन घासांत ओळख करून घेतली. मग मुद्दाम ठेच्याचे एक बोट जिभेवर लावून वर घोट घेऊन पाहिला. पुन्हा तो प्रयोग करायचे कारण नाही. तिखटाने पेटलेल्या तोंडात मद्य आणि तुरटपणा दोन्ही जाऊन तेल ओततात. कोल्हापुरी रश्शाला ताक हेच स्थळ बरे. मध्यम तिखटाची, धुराचा किंवा भाजण्याचा वास असलेली, तेलातुपाची भाजी किंवा मटण असेल, तर कार्मेनेर निभावून नेते, आणि ढोबळ्या मिरचीच्या भाजीशी तर तिचे रक्ताचेच नाते म्हणायचे.

अँडीजच्या पलीकडे अर्जेंटिनात मालबेक आहे. तीही फ्रान्सची माहेरवाशीण. १८५३ साली दोमिंगो सार्मिएन्तो या पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विद्याप्रेमी मुत्सद्द्याच्या पुढाकाराने मेंदोसात शेतीशाळा काढायचे ठरले, आणि मिशेल एमे पुजे या फ्रेंच जाणकाराने तिथे ज्या वेली आणल्या त्यांत मालबेक होती. माहेरी १९५६ च्या कडाक्याच्या हिवाळ्याने तिच्या बागा मारल्या. सासरी उंच डोंगरउतारावरच्या उन्हात ती राणी झाली. पण मालबेकला निदान तिचे नाव लाभले होते. कार्मेनेरचे तसे झाले नाही, म्हणून माझा जीव तिच्यातच गुंतला.

कारण या गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग नाव सापडल्याच्या नंतरचा आहे. नाव बदलल्याने चव कशी बदलेल, असे कुणीही विचारील. पण चव बदलली! मेर्लो लवकर पिकते. कार्मेनेरला तिच्यानंतर आणखी काही आठवडे लागतात. शंभर वर्षे तिला मेर्लो समजून मेर्लोच्या मुहूर्तावर खुडले जात होते. ती त्या दिवशी कच्चीच असे, आणि कच्ची वस्तू जशी लागायची तशी लागे. दोष मातीला दिला, हवेला दिला, वेलीला दिला. तारखेला कुणी दिला नाही. ही वेगळी आहे, हे एकदा कळल्यावर शेतकऱ्यांनी तिच्या ओळी वेगळ्या केल्या, आणि मेर्लो मार्चमध्ये उतरवली तरी हिला एप्रिल-मेपर्यंत वेलीवर राहू दिले. चिलीचा शरद कोरडा आणि लांबलचक असल्यामुळे तिला ती सवड मिळू शकली; बोर्दोच्या पावसाने तिला कधीच ती दिली नव्हती. मग जिला हिरवट, रांगडी म्हणून नाक मुरडत होते, तिच्या बाटल्या नावानिशी मागवल्या जाऊ लागल्या.

हे सांगताना तो विद्यार्थी जरा वेळ थांबला होता. आमच्या कॉलेजात त्याने बारावीची परीक्षा तीनदा दिली होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत. शिक्षकांच्या खोलीत त्याचे नाव निघाले की कुणीतरी मान हलवी. घरी शेजारच्या मुलाच्या गुणपत्रिकेशी तुलना होई. तो मुलगा त्याच्याच वयाचा, त्याच गल्लीतला, म्हणजे एकाच ओळीतली वेल! नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला : “अजून बारावीच का रे?” तिसऱ्या खेपेला तो पास झाला, पदविकेला गेला, यंत्रांत त्याचे मन रमले, आणि मग त्याला कुणी ढकलावे लागले नाही. आपल्या वाट्याचे ते आठवडे त्याने कसे मिळवले असतील, ते त्याचे त्यालाच माहीत. त्याने स्वतःविषयी एक अक्षर काढले नाही. फक्त म्हणाला, “सर, वेल तीच होती. फक्त खुडायची तारीख चुकत होती.”

दिवाळीची सुट्टी संपली की घरोघरी पुन्हा वेळापत्रके भिंतीवर लागतील. दहावी, बारावी, प्रवेशपरीक्षा. सतराव्या वर्षी हे, एकविसाव्या वर्षी ते. सगळीच मुले उशिरा पिकणारी नसतात, आणि उशीर झाला म्हणजे प्रत्येक वेळी आत काही मोठे पिकतेच आहे, असेही मी म्हणणार नाही. इतकी वर्षे वर्गात उभे राहून एवढा भाबडेपणा उरत नाही. बागेलाही छाटणी लागते, पाणी लागते, नजर लागते. पण कच्चेपणाची तक्रार करण्याआधी फूल एकदा जवळून पाहावे. ज्या पाटीखाली आपण त्याला उभे केले आहे, ती पाटी त्याचीच आहे ना? बुर्सिकोंनी त्या दिवशी दुसरे काही केले नाही. शंभर वर्षे ज्या ओळीतून माणसे जात-येत होती, त्या ओळीत ते थांबले आणि खाली वाकून पाहिले.